लोखंडी नांगर आणि माणसांचा हिशेब : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

(द्वितीय वर्ष, कला)

थोरांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांत लढाया असतात, सत्याग्रह असतात, तुरुंगवास असतो, ग्रंथरचना असते. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या अवजारांवर पोट भरले ती अवजारे कोणी बदलली, कशी बदलली आणि ती बदलल्यावर माणसांचे काय झाले, हा प्रश्न चरित्रांत फारसा येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेचा इतिहास वाचताना हाच प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. १९०८ साली हेन्री फोर्डने ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. १९१३ साली त्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारींची जुळणी होऊ लागली. १९२० च्या जनगणनेत, निम्म्याहून अधिक अमेरिकन माणसे शहरवासी झाल्याचे प्रथमच दिसून आले. काल नांगरामागे चालणारा माणूस आज यंत्रापुढे उभा होता. मग त्याच वर्षांत आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले.

या चरित्राकडे वळण्याचे एक घरगुती कारणही आहे. ते आधीच सांगून टाकते. आम्ही सुतार. माझे पणजोबा गावचे बलुतेदार होते. बाभळीच्या लाकडाचा नांगर घडवायचा, त्याचे रुमणे आणि हाळीस नीट बसवायचे, पेरणीपूर्वी साऱ्या गावाची अवजारे दुरुस्त करायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य आणायचे, असा त्यांचा संसार. पुढे गावात लोखंडी नांगर आले, नंतर ट्रॅक्टर आले, व्यवहार रोखीचे झाले आणि बलुते सरले. आजोबांनी सुतारकीवर जेमतेम तग धरला. वडील मात्र धायरीला आले आणि लेथवर काम शिकले. आजही ते इथल्या एका लहानशा गाळ्यात टर्नर आहेत. धायरी हे गाव २०१७ साली पुणे महानगरपालिकेत गेले, शेतांच्या जागी इमारती उठल्या, पण गाळ्यांतून येणारा लोखंड कापल्याचा आवाज अजून थांबलेला नाही. म्हणजे लोखंड आले म्हणून आमच्या घराचा जुना धंदा गेला, आणि त्याच लोखंडावर वडिलांनी मला महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत आणले. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसणारी मी पहिलीच. त्यामुळे लोखंडी नांगरासाठी आयुष्य वेचणाऱ्या या माणसाकडे केवळ भक्तिभावाने पाहणे मला जमत नाही. मला त्यांच्या कामाचा जमाखर्च समजून घ्यायचा आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. घरात पोथ्या होत्या, पण या मुलाचे मन पोथीत नव्हते आणि शाळेतही नव्हते. त्याला चित्रे काढावीशी वाटत आणि यंत्रे उघडून पाहावीशी वाटत. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला जाण्याचा त्याचा हट्ट वडिलांना पसंत नव्हता. तेव्हा थोरले बंधू रामूअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे त्यांच्या वाट्याला विलक्षण दुर्दैव आले. दोन वर्षांनी असे ध्यानात आले की त्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत. रंग न ओळखणारा चित्रकार होणार तरी कसा? त्यांनी रंगांचा नाद सोडला, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढण्याचे शिक्षण त्यांनी घेतले आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा ४५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी मिळवली. शिकवण्याचे तास संपल्यावर ते तिथल्या कर्मशाळेत जाऊन स्वतः यंत्रे हाताळत. यंत्रविद्येची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होते ते हे हाताने मिळवलेले ज्ञान आणि अमेरिकन यांत्रिक मासिके वाचण्याची गोडी.

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा त्या तिथे विकीत, लोकांना चालवायलाही शिकवीत. १८८८ साली सुरू झालेल्या या लहानशा दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो. गंमत अशी की थोड्याच वर्षांनी सातासमुद्रापलीकडेही असेच घडत होते. विमान उडवणारे राइट बंधू त्यापूर्वी ओहायो राज्यातील डेटन गावी सायकलींचे दुकान चालवीत होते, आणि फोर्डने १८९६ साली बनवलेली पहिली गाडी सायकलीच्या चाकांवर उभी होती. यंत्रयुग प्रथम सामान्य माणसाच्या दारात आले ते असे दोन चाकांवरून. फरक एवढाच की आपल्या देशात परक्यांचे राज्य होते, आणि त्याचा चटका लक्ष्मणरावांना लवकरच बसला. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

बेळगावला त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. त्यानंतर त्यांचे लक्ष गेले नांगराकडे. आपला लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती पुरती पलटत नाही. हरळीसारख्या तणाची मुळे खोल राहतात आणि पुढच्या पावसाला पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराचा वाकवलेला पत्रा मातीची पट्टी उचलून उलटी टाकतो. तळची माती वर येते, तण उन्हात वाळते. परदेशी लोखंडी नांगर इथे येत होते. आपल्याच कारखान्यात तसा नांगर घडवावा असे लक्ष्मणरावांनी ठरवले आणि तो घडवला. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष बाधते, तिचा कस जातो, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. केलेले नांगर तसेच पडून राहिले. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली.

इथे बहुतेक चरित्रकार शेतकऱ्यांच्या अज्ञानावर दोन वाक्ये लिहून पुढे जातात. मला तसे जाववत नाही. एक तर ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते की लोखंडाने जमीन नासेल. आज यंत्रविद्येचे माहेरघर म्हणून आपण ज्या देशाकडे पाहतो, त्या देशातला शेतकरीही आपल्याच शेतकऱ्यासारखा सावध होता. दुसरे असे की, लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो त्याच दिवशी नीट करून देई आणि मोबदला सुगीत धान्याने घेई. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, ओढायला अधिक बैल हवेत, आणि त्याचा एखादा भाग तुटला तर तो कुठून आणायचा, हा घोर हवा. ज्याचे वर्षभराचे पोट एका पावसावर अवलंबून आहे त्याने दोन वर्षे थांबून पाहिले, यात मला मूर्खपणा दिसत नाही. विषाची गोष्ट त्याने तोंडाने सांगितली असेल. पण त्यामागे हा सारा हिशेब असावा, असे मला सुताराच्या घरात वाढल्यामुळे वाटते.

लक्ष्मणरावांचे मोठेपण मला इथेच जाणवते. दोन वर्षे माल पडून असताना त्यांनी गिऱ्हाइकाला दोष देऊन दुकान बंद केले नाही. नवे अवजार करणे हे अर्धेच काम आहे. ते ज्याच्या हातात द्यायचे त्याचा विश्वास मिळवणे हे उरलेले अर्धे काम आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते धीराने करीत राहिले. हळूहळू शेतकऱ्याला आपल्या डोळ्यांनी पीक दिसले, आणि मागणी सुरू झाली.

आता कुठे बस्तान बसते आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्याला धावले. (हे औंध आपल्या पुण्यालगतचे नव्हे, ते सातारा जिल्ह्यातले.) औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते आणि राजेसाहेबांशी त्यांचा स्नेह होता. राजेसाहेबांनी संस्थानच्या हद्दीत जागा देऊ केली आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकरांची जमीन लक्ष्मणरावांनी निवडली. जमीन कसली, निवडुंगाचे रान ते! सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. परंतु रेल्वे जवळ होती, आणि जड माल आणायला-न्यायला तीच मुख्य गोष्ट. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. पुढे स्थानकाचेही नाव किर्लोस्करवाडी असे झाले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे.

त्या माळावर पंचवीस कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे आली. प्रथम निवडुंग तोडायचा, मग निवारा उभारायचा, आणि मग नांगर करायचे! लक्ष्मणरावांची माणसे पारखण्याची रीत मोठी वेगळी होती. पदव्यांची भेंडोळी त्यांनी कधी मागितली नाहीत. रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहू लागले, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळू लागले, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी राखणदार नेमले, आणि त्या दोघांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही त्यांचा दंडक होता. १९१० च्या सुमाराच्या महाराष्ट्रात अशा गोष्टी ठरवणे सोपे नव्हते.

मालकाने वसवलेले कामगारांचे गाव ही कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज पुलमन याने १८८० साली रेल्वेचे डबे करणाऱ्या आपल्या कामगारांसाठी सुंदर गाव वसवले होते. परंतु मंदी आली तेव्हा त्याने मजुरी उतरवली आणि घरांचे भाडे मात्र उतरवले नाही. १८९४ साली तिथे मोठा संप पेटला, सैन्य आले, माणसे मेली. फोर्डने १९१४ साली दिवसाला पाच डॉलर वेतन जाहीर करून जगाला चकित केले. पण ते मिळण्याजोगे आपले वर्तन आहे की नाही हे पाहायला त्याची माणसे कामगारांच्या घरी जाऊन चौकशी करीत. मालक चांगला असला तरी घर, पगार आणि वागणूक या तिन्हींची दोरी एकाच हातात असणे किती नाजूक असते, हे या दोन उदाहरणांवरून कळते. किर्लोस्करवाडीचीही दोरी एका कुटुंबाच्याच हाती होती. पण पुलमनचे गाव पैशाच्या जोरावर एकदम उभे राहिले होते. वाडी मालक आणि कामगार यांनी एकाच उन्हात निवडुंग तोडून उभी केली. आरंभीची ती सोबत वाडीच्या पायात आहे, आणि मला वाटते ती विटा-चुन्याइतकीच टिकाऊ ठरली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येईनासे झाले, त्यामुळे मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसाही मिळेनासे झाले. तेव्हा लक्ष्मणरावांनी मिळेल ती मोड गोळा केली. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांकडून त्यांनी निकामी झालेल्या जुन्या तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून त्यांचे नांगर केले. युरोपात नव्या तोफा ओतल्या जात होत्या, त्याच वेळी सांगली-साताऱ्याच्या माळावर जुन्या तोफांचे फाळ होत होते, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ठळकपणे असायला हवी होती.

नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप असा माल वाडीत होऊ लागला. यातील शेंगा फोडण्याच्या यंत्रापाशी मी थोडी थांबले. शेंगा फोडणे हे बायकांचे काम. दिवसभर बसून बोटे सोलवटून काढायची आणि त्यावर चार पैसे मिळवायचे. यंत्राने बोटांचे दुखणे गेले हे खरे. पण ज्या विधवेची चूल त्या चार पैशांवर पेटत होती तिने पुढे काय केले असेल? यंत्राच्या इतिहासात तिचे नाव नाही, आणि माझ्या पणजोबांसारख्या सुतारांचेही नाही.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी वाडीत आणखी एक गोष्ट सुरू झाली, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे हा मूळ हेतू. पण त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक वाढले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. मराठी कथा, स्त्रियांचे प्रश्न, समाजसुधारणेचे वाद या मासिकांतून घरोघर गेले. नांगर आणि लेखणी यांची इतकी जवळची सोयरीक दुसरीकडे क्वचितच झाली असेल. कला शाखा आणि कारखाना यांचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी वाडीचा हा छापखाना आठवावा.

लक्ष्मणरावांनी अमेरिका ओळखली ती मासिकांच्या पानांवरून. त्यांचे चिरंजीव शंतनुराव मात्र १९२२ साली प्रत्यक्ष अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून १९२६ साली यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. पुढे १९४६ साली त्यांनी आपल्या पुण्यात खडकीला तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा कारखाना उभारला. मोट जाऊन विहिरीवर एंजिन धडधडू लागले, आणि बागायतीचे दिवस आले. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ वाडीच्या कारखान्यालाही बसली. म्हाताऱ्या लक्ष्मणरावांना आपल्या हातांनी उभे केलेले जळालेले पाहावे लागले. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता जमाखर्च मांडायचा तर काय मांडावा? जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. परक्या राज्यात, भांडवल नसताना, पदवी नसताना, या माणसाने दाखवून दिले की आपला शेतकरी जे अवजार वापरतो ते आपल्याच माणसांच्या हातून घडू शकते. वाडीच्या फाटकाच्या आत आलेल्या माणसाला काम, घर आणि मान मिळाला. खर्चाची बाजू मात्र त्यांच्या वहीत नाही, कारण ती फाटकाच्या बाहेर घडली. गावोगावचे सुतार, शेंगा फोडणाऱ्या बायका, यांचा हिशेब एकट्या कारखानदाराने ठेवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तो समाजाने आणि सरकारने ठेवायचा असतो, आणि तो अमेरिकेतही नीट ठेवला गेला नाही.

हा प्रश्न जुना झाला आहे असे कोणी समजू नये. धायरीच्या गाळ्यांत हाताच्या लेथशेजारी संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे येऊन बसली आहेत. वडिलांच्या वयाच्या कामगारांनी आयुष्यभर बोटांनी जे माप शिकले ते यंत्र आकड्यांवरून काढते. वडील रात्री घरी आल्यावर त्या यंत्राची पुस्तिका माझ्याकडून वाचून घेतात. त्यांना ते यंत्र नको आहे असे नाही. त्यांना ते समजून हवे आहे, आणि शिकेपर्यंत पगार चालू राहायला हवा आहे. लोखंडी नांगरासमोर दोन वर्षे थांबलेल्या शेतकऱ्याला याहून वेगळे काही हवे होते असे मला वाटत नाही. लक्ष्मणराव त्या शेतकऱ्यासाठी थांबले. आज यंत्र आणणारे किती मालक कामगारासाठी थांबतील?

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांची घरे शेतकऱ्यांची, बलुतेदारांची, कामगारांची आहेत. आपण पदवी घेऊन कदाचित यंत्राला हातही लावणार नाही. पण राहून गेलेली खर्चाची बाजू लिहिणे हे कला शाखेचेच काम आहे. आपल्या घरात कोणते अवजार होते, ते केव्हा गेले, त्याच्याबरोबर कोणाचा धंदा गेला आणि नव्या अवजाराने काय दिले, एवढे प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना विचारून दोन पाने लिहिली, तर पुढच्या वार्षिकांकात या परिसराचा असा इतिहास जमेल, जो आज कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. माझ्या घरची दोन पाने मी लिहायला घेतली आहेत.